नायिकेच्या हातांकडे कुणी पाहायचं?

या वेळचं पत्र एका ४२ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते. वडील गेले तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. भाऊ शाळेत, आई पार खचलेली. "आईसारखं कोपऱ्यात बसून राहायचं नाही" असं त्यांनी ठरवलं आणि घराची सूत्रं हातात घेतली. भावाचं शिक्षण, आईची दोन ऑपरेशनं, घराचे हप्ते, पुढे स्वतःचा संसार, ऑफिसात आठ जणांची टीम. वडील गेले त्याच सुमारास मैत्रिणीकडे त्यांनी 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही अमेरिकन मालिका पाहिली. रात्री स्मशानात पिशाचांशी लढणारी आणि सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाणारी ती मुलगी त्यांना आपलीच वाटली. अडचण आली की "बफी काय करेल?" असं मनात म्हणायच्या आणि उठायच्या. गेलं वर्षभर मात्र उठवत नाही. कामं होतात, पण "आत काही हलत नाही". नवरा म्हणतो, तू सांगतच नाहीस. यंदा चौदा वर्षांच्या लेकीबरोबर ती मालिका पुन्हा पाहायला घेतली. पाचव्या सीझनच्या शेवटी बफी मरते तेव्हा लेक रडली, आणि यांच्या मनात आलं, "सुटली बिचारी." सहाव्या सीझनचे चार भाग पाहून लेकीने मालिका सोडली. म्हणाली, "मला हिच्यासारखं व्हायचं नाही. सगळं एकटी करते आणि मग चिडते. तुझ्यासारखी." मध्यंतरी एका कार्यशाळेत त्यांना सांगितलं गेलं की, कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार त्यांच्यातला नायकाचा आदिबंध, म्हणजे मनातला मूळ घाट, झोपला आहे आणि पुरुष-अंश बळावल्यामुळे स्त्रीत्व हरवलं आहे. त्यांचे प्रश्न दोन: माझ्यातली बफी पुन्हा जागी कशी करू? आणि लेकीसमोर मी चुकीचा आदर्श ठेवला का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मी अडखळले. 'सुटली.'

बाकी सगळं नंतर बोलू. आधी सरळच विचारते: आपणही सुटावं, आपलंही संपावं, असं तुमच्या मनात येतं का? अधूनमधून जरी येत असलं तरी आजच जवळच्या एका माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि असे विचार येत नसतील, तरी वर्षभर उठवत नाही म्हणजे डॉक्टरांकडे जायलाच हवं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, पाळी जाण्याआधीच्या काळातले बदल, नैराश्य, यांतलं काहीही असू शकतं, आणि यांतलं काहीही आदिबंध जागा करून बरं होत नाही. भावाला असं झालं असतं तर तुम्ही त्याला वर्षभर अंगावर काढू दिलं असतंत का?

आता कार्यशाळेबद्दल.

युंगचं म्हणणं असं की, माणसाच्या मनाच्या तळाशी एक सामाईक थर असतो आणि त्यात काही घाट आधीपासून असतात. आई, शहाणा म्हातारा, मूल, सोंगाड्या, नायक. घाट रिकामा असतो, त्यात काय ओतायचं ते काळ आणि समाज ठरवतो. यालाच तो आदिबंध म्हणतो. १९९७ मध्ये अमेरिकन टीव्हीने नायकाच्या घाटात कॅलिफोर्नियातली एक सोनेरी केसांची शाळकरी मुलगी ओतली. भयपटात अंधाऱ्या गल्लीत शिरून हमखास मरणारी जी मुलगी असते, तिनेच उलट फिरून राक्षसाला लोळवलं तर, या विचारातून मालिकेचा कर्ता जॉस व्हीडनने बफी उभी केली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकरांच्या रजनीने हाच घाट भरला होता. समोर पिशाच नव्हते, मुजोर टॅक्सीवाले होते, एवढाच फरक. आमच्या घरी आई दुकानदाराशी वजनावरून बोलायला लागली की वडील कौतुकाने म्हणायचे, "झाली रजनी सुरू." त्यामुळे पडद्यावरच्या बाईकडून बळ घेणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. अठराव्या वर्षी तुम्हाला बफीने उभं केलं असेल, तर तिचे आभारच मानायला हवेत.

पण तुमच्यातला नायक झोपला आहे, हे मला पटत नाही. चोवीस वर्षं तो एकही सुट्टी न घेता कामावर आहे. ज्यांनी त्याला "जागा करा" म्हटलं, त्यांनी तुमचा दिवस कसा जातो हे विचारलं होतं का?

युंगला नायकाबद्दल काळजी वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. माणूस आदिबंधाशी एकरूप झाला की मन फुगतं, असं तो म्हणायचा. फुगणं म्हणजे नुसता गर्व नव्हे. "माझ्याशिवाय इथलं पान हलणार नाही" ही भावनाही त्यातलीच, आणि ती बहुतेक वेळा थकलेल्या, सोशिक चेहऱ्याने येते. तिच्या पोटातच दुसरी असते: "मी कुठेच पुरी पडत नाही." सातव्या सीझनमध्ये बफीचा एक जुना वर्गमित्र पिशाच होऊन कबरीतून उठतो. तो मानसशास्त्र शिकत होता. मारामारीच्या मधल्या निवांत वेळात तो तिला बोलतं करतो, आणि ती पहिल्यांदा कबूल करते की आपण सगळ्यांपेक्षा वरचढ आहोत असं तिला वाटतं, आणि तसं वाटतं म्हणून स्वतःचीच किळसही येते. जवळच्या मित्रांपैकी कुणाला ती हे कधी बोलली नव्हती.

आता युंगची स्वतःची गोष्ट सांगते, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. १९१३ साल. वय ३८. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी नातं तुटलेलं. त्या १८ डिसेंबरला त्याला एक स्वप्न पडलं. पहाटेपूर्वीची वेळ, ओसाड खडकाळ डोंगर, सोबत एक अनोळखी सावळा माणूस, दोघांच्या हातात बंदुका. डोंगरातून सीगफ्रीडच्या शिंगाचा आवाज येतो. सीगफ्रीड म्हणजे जर्मन पुराणकथांतला वीरांचा वीर. त्याला मारायचं आहे, हे युंगला कळतं. सूर्याचा पहिला किरण पडतो आणि कड्यावर तो दिसतो, मेलेल्यांच्या हाडांच्या रथात बसून उतारावरून भरधाव येताना. दोघं गोळ्या झाडतात, तो कोसळतो. इतकं सुंदर, इतकं थोर काहीतरी आपण नष्ट केलं, या अपराधाने युंग पळत सुटतो. मग धो धो पाऊस येतो आणि सगळ्या खुणा धुऊन नेतो.

जाग आल्यावर त्याला उमगलं ते असं: सीगफ्रीड म्हणजे इच्छाशक्तीच्या बळावर सगळं रेटून नेणारी वृत्ती. ती त्याची स्वतःचीच होती, आणि आता ती त्याला पुरेनाशी झाली होती. तिला जाऊ द्यायला हवं होतं. त्याने ते आनंदाने केलं नाही. गोळी जणू आपल्यालाच लागली, असं दुःख त्याला झालं.

ताई, नायकाच्या आदिबंधाबद्दल इतकं लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यातलं हे वळण नायकाला निरोप देण्याचं आहे. युंगच्या मांडणीत नायकाचं काम आयुष्याच्या पूर्वार्धातलं: घराबाहेर पडायचं, राक्षस मारायचा, स्वतःच्या पायावर उभं राहायचं. उत्तरार्ध वेगळं काही मागतो. तुम्ही 'सुटली' म्हणालात, तेव्हा मरण हवं होतं ते तुम्हाला की तुमच्यातल्या त्या अठरा वर्षांच्या सेनापतीला, याचा विचार करून पाहा. म्हणूनच तिला पुन्हा जागं कसं करायचं याची युक्ती मी सांगणार नाही. तिला आता निवृत्ती द्यायची वेळ आली आहे, सन्मानाने.

पुरुष-अंशाचा मुद्दा मी तुमच्या डोक्यातून काढूनच टाकणार आहे. प्रत्येक स्त्रीच्या मनात एक पुरुष-प्रतिमा असते, हे युंगने म्हटलं आहे, आणि विचार, मतं, वाद घालणं तो तिच्याच खात्यावर टाकतो, हेही खरं. पण तो १९६१ मध्ये गेला, आणि त्याच्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. त्या समाजाचे ठसे त्याच्या लिखाणावर आहेत. मनाचे नियम म्हणून ते जसेच्या तसे अंगाला लावून घ्यायचं कारण नाही. अठराव्या वर्षी तुम्ही हप्ते भरलेत ते भरणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. त्यात स्त्रीत्व हरवण्यासारखं काय होतं?

त्याच युंगकडून मी तुम्हाला एक गोष्ट मात्र घ्यायला सांगेन: छाया. आपण जे "मी तशी नाहीच" म्हणून बाजूला सारतो ते सगळं तिथे साठतं. त्यात राग असतो, आळस असतो, हाव असते, मजाही असते. तुम्हाला मालिकेतली फेथ आठवत असेल. तीही बफीसारखीच पिशाचांशी लढायला निवडलेली, तितकीच ताकदवान, पण हवं ते उचलायचं आणि मालकी सांगायची ही तिची रीत. बफीला तिच्यासोबत भटकताना आधी किती मजा येते, तेही मालिकेने लपवलेलं नाही. चौथ्या सीझनमध्ये दोघींची शरीरं बदलतात. बफीच्या शरीरात शिरलेली फेथ आरशासमोर उभी राहून 'हे चुकीचं आहे, तू असं करू शकत नाहीस' असली बफीची वाक्यं चिडवत चिडवत म्हणते. भागाच्या शेवटी मात्र ती एका चर्चमध्ये ओलीस धरलेल्या लोकांना वाचवायला स्वतःहून जाते. तिथे खरी बफी फेथच्या शरीरात समोर येते, आणि फेथ स्वतःच्याच चेहऱ्यावर ठोसे मारत राहते, शिव्या देते, तू कुणीच नाहीस म्हणून ओरडते. मला तो प्रसंग पाहवत नाही. आपण ज्याला बाहेर टाकतो ते आपल्याला किती ओळखतं, आणि आपल्या जागी येण्यासाठी किती आसुसलेलं असतं, हे इतक्या उघडपणे मी टीव्हीवर क्वचितच पाहिलं आहे.

तुमच्या ऑफिसातही एक फेथ असेल. साडेपाचला पर्स उचलून निघणारी, रजा मागताना माफी न मागणारी, जिच्याबद्दल तुम्ही घरी येऊन नवऱ्याला सांगता. तिच्यापासून सुरुवात करा. रात्री वीस मिनिटं वही घ्या आणि तिला बोलू द्या, तुम्ही फक्त उतरवून घ्या. ती तुम्हाला काय म्हणते? तुम्ही काय उत्तर देता? युंग स्वतः मनातल्या व्यक्तिरेखांशी असा संवाद करायचा. वाचणाऱ्या बाकीच्या मैत्रिणींना आणि मित्रांनाही सांगते, मन फार खाली गेलेलं असताना हे एकट्याने करू नये. समुपदेशक सोबत असू द्या. आणि जे बाहेर येईल त्यावर लगेच कृती करायची नसते. ते आधी फक्त ऐकायचं असतं.

आता सहाव्या सीझनचे ते चार भाग. लेकीला ते नकोसे झाले, पण त्यांनी तुम्हाला आत कुठेतरी गाठलं असणार. मैत्रिणीच्या मंत्राने बफी जिवंत होते ती शवपेटीत, जमिनीखाली. वर कुणी नाही. ती नखांनी लाकूड फोडून, माती उकरून स्वतःच बाहेर येते. मित्रमंडळी आनंदात असतात, परत आलीस, आता सगळं ठीक होईल. मग ती घरात जिना उतरत असताना स्पाइक येतो. पिशाच आहे तो, घरच्यांचा नावडता. त्याची नजर तिच्या सोललेल्या हातांवर जाते, आणि एका क्षणात त्याला कळतं की ही पेटी फोडून आली आहे, कारण तोही कधीकाळी तसाच आला होता. ती किती दिवस गेली होती, हे त्याने मोजलेलं असतं: १४७. ती नरकात होती असंच मित्रांना ती वाटू देते आणि म्हणते, तुम्ही सोडवलंत, आभार. खरं फक्त त्याला सांगते की, ती जिथे होती तिथे शांतता होती.

पुढच्याच भागात तळघरातला पाइप फुटतो, दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून ती बँकेत जाते. बँकेत राक्षस घुसतो, ती त्याला हाकलते, आणि तरीही कर्ज नामंजूर होतं. जग वाचवल्याचा पगार नसतो, हे आपल्या घरांतल्या कितीतरी मोठ्या बहिणींना ती मालिका न पाहताच माहीत आहे.

तुमचे हात कुणी पाहिलेत? नवरा म्हणतो, तू सांगतच नाहीस, तेव्हा तो आळस करतो आहे असं मला वाटत नाही. तुम्ही सगळ्यांना "तुम्ही सोडवलंत, आभार" असंच सांगत आला आहात. म्हणून या आठवड्यात एकच करा. त्याला जेवणानंतर बसवा आणि 'मी दमले' असं मोघम न बोलता एक ठरावीक गोष्ट सांगा: सकाळी अलार्म वाजल्यावर पहिली दहा मिनिटं काय होतं ते. उपाय मागू नका. त्याने सुचवलाच, तर म्हणा, आज फक्त ऐक.

दुसरं, भाऊ. तुमच्या पत्रात तो अजून शाळेतच आहे. हिशोब केला तर तो आता तिशीच्या पुढचा बाप्या आहे. आईची पुढची तपासणी त्याच्याकडे द्या. फाइल कुठे आहे तेवढं सांगा, आणि त्या दिवशी त्याला फोन करू नका. तो उशिरा पोचेल, एखादा रिपोर्ट घरी विसरेल, आई तुमच्याकडे तक्रार करेल. तेव्हा धावत जायची जी ऊर्मी येईल ना, तोच तो सीगफ्रीडचा रथ. तिथेच थांबायचं आहे. आठ जणांच्या टीमचंही पुढे-मागे असंच करता येईल, पण सुरुवात घरातून, आणि एकाच गोष्टीने.

राहिली लेक. तिचं वाक्य तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण ते वाक्य जरा तुमच्या वाक्याशेजारी ठेवून पाहा. "आईसारखं व्हायचं नाही." तुम्ही अठराव्या वर्षी म्हणालात, ती चौदाव्या वर्षी म्हणते आहे. युंगच्या वाटेने जाणाऱ्या मॉरीन मर्डॉक या अमेरिकन चिकित्सिकेने १९९० मध्ये नायिकेच्या प्रवासावर लिहिलं. वीरकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांना तिने विचारलं होतं की, बाईचा प्रवास कसा असतो? तिला प्रवासाची गरजच नाही, लोक जिथे पोचू पाहतात ती जागाच ती आहे, अशा अर्थाचं उत्तर तिला मिळालं आणि ते तिला पटलं नाही. तिने जो आराखडा मांडला त्यात मुलगी सुरुवातीला आईकडे पाठ फिरवते, बाहेर जाऊन जिंकते, जिंकल्यावर कोरडी पडते, आणि मग तिला परत आईपाशी यावं लागतं. मला हा आराखडा सगळ्यांना लागू पडतो असं वाटत नाही. तुम्हाला मात्र तो बेतून शिवल्यासारखा बसतो.

म्हणजे लेकीकडे जाण्याआधी तुमच्या आईकडे जायचं आहे. त्या वर्षी ती कोपऱ्यात बसून होती, तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? ४२ व्या वर्षी तुम्हालाही उठवत नाही. आता तुम्ही तिला जे विचारू शकाल, ते अठराव्या वर्षी विचारणं शक्यच नव्हतं. डबा-औषधांचं बोलणं नको, शेजारी नुसतं बसा.

आणि लेकीला तुम्ही चुकीचा आदर्श दाखवला का? तिने लढण्याला नावं ठेवलेली नाहीत. 'एकटी' आणि 'चिडते' हे दोन शब्द तिने वापरलेत. मोठ्यांच्या नजरेतून सुटलं ते तिने बरोबर टिपलं आहे. तिला सांगा, "तुझं म्हणणं खरं आहे, मी त्यावर काहीतरी करते आहे." एवढं पुरे. खुलासे नकोत, अठराव्या वर्षापासूनची कहाणी एका दमात नको, आणि कृपा करून तिला तुमची समुपदेशक करू नका. नाहीतर पुढची सेनापती आपण आपल्या हाताने नेमू.

एक व्यवहाराची सूचना. सहाव्या सीझनमध्ये पुढे शरीरसंबंधांचे आणि बळजबरीच्या प्रयत्नाचे प्रसंग आहेत. ते आधी तुम्ही एकट्याने पाहा आणि तिला दाखवायचे का ते ठरवा. नाहीतर गोष्ट तोंडी सांगून सरळ सातव्यावर जा. तिथे बफीला आणखी ताकद देऊ केली जाते आणि ती नाकारते. तिथेच घरचे तिच्या हुकूमशाहीला कंटाळून तिला तिच्याच घराबाहेर काढतात. आणि शेवटी ती तो जुना नियमच मोडते, एका पिढीत एकच मुलगी निवडली जाईल हा. जिच्या जिच्यात ती ताकद सुप्त आहे, त्या जगभरच्या सगळ्या मुलींना ती एकाच वेळी मिळते.

शेवटच्या दृश्यात गाव खचून खड्डा झालेलं असतं आणि सगळे काठावर उभे असतात. शेजारी उभी फेथ बफीला म्हणते की, आता तू एकमेव राहिली नाहीस, साध्या माणसासारखं जगावं लागणार, कसं वाटतंय? धाकटी बहीण विचारते, आता काय करायचं? बफी काही बोलत नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूच हसू यायला लागतं आणि मालिका संपते.

तो भाग लेकीबरोबर पाहा, जमलं तर तुमच्या आईलाही बोलवा. रिमोट लेकीच्या हातात द्या. आणि महिन्याभराने मला लिहा, भावाने फाइल नेली का ते.

तुमची,
सदरलेखिका